नोकरीची आवड नाही

प्रतिभा फडोळची मुलाखत चांगली झाली होती. विंचूरच्या वाइन पार्कमधल्या त्या वायनरीत तिला नुसते प्रश्न विचारून सोडलं नव्हतं. प्रयोगशाळेच्या प्रमुख मनीषा मॅडम यांनी मागच्या हंगामातल्या पांढऱ्या वाइनचा नमुना तिच्यापुढे ठेवला आणि आम्लता मोजून काढायला सांगितली. तिने काढलेला आकडा त्यांच्याकडच्या आकड्याशी जुळला.

"हात स्थिर आहे तुझा," मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत कळवते."

२००८ सालचा नोव्हेंबर चालू होता. जानेवारीत द्राक्षं वायनरीत यायला लागतात आणि तिथून एप्रिलपर्यंत प्रयोगशाळेला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याआधी ही जागा भरायची होती. प्रतिभाला मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी होऊन वर्ष उलटलं होतं. सातपूर-अंबडच्या कंपन्यांनी आधी अनुभव नाही म्हणून परत पाठवलं आणि दिवाळीनंतर मंदी आहे म्हणून अर्जच घेणं बंद केलं. शिकलेलं काम करायला मिळेल अशी ही पहिलीच जागा होती. ती हुकली तर पुढे काय, हेही तिला ठाऊक होतं. घरात स्थळं बघणं सुरू झालं होतं आणि लगीनसराई तोंडावर होती.

शुक्रवारी फोन आला नाही. संध्याकाळी तिने मखमलाबाद नाक्यावरच्या पीसीओतून स्वतःच फोन लावला.

"जागा दुसऱ्या मुलीला द्यायचं चाललंय," मॅडम म्हणाल्या. "नाशिकरोडची आहे."

"माझं काय चुकलं, मॅडम?"

"कामात काही चुकलं नाही. तू मला म्हणालीस, निदान तीन हंगाम काम करेन. तुझ्या घरचे वेगळं सांगतात. इंटरनेटवरही वेगळंच लिहिलंय."

"इंटरनेटवर बायोडेटा सोडून माझं काहीच नाही. मी ऑर्कुटवरसुद्धा नाही."

"नाव टाकून बघ." मॅडम पुढे म्हणाल्या, "हे बघ, गेल्या वर्षी फेब्रुवारीत टाक्या भरलेल्या असताना माझ्याकडची मुलगी लग्न ठरलं म्हणून गेली. पत्रिका देऊन गेली बिचारी. तिचा तरी काय दोष. पण सगळा हंगाम मी एकटीने काढला, आणि आता मला पुन्हा तसं नको आहे."

"घरी कोणाशी बोललात तुम्ही?"

"वडिलांशी. फार छान बोलले."

"नाव नक्की झालं का, मॅडम?"

"सोमवारी सकाळी मालकांना देणार आहे."

"मग सोमवारी सकाळी मी येते," प्रतिभा म्हणाली आणि त्यांनी नको म्हणायच्या आत फोन ठेवला.

*

ज्ञानेशचा सायबर कॅफे नाक्यावरच होता. तो कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढे होता. नोकरीच्या साइटवर तिचा बायोडेटा त्यानेच चढवून दिला होता आणि त्या वेळी बजावलंही होतं, की नोकरी शोधताना ऑर्कुटच्या नादाला लागू नकोस, साहेब लोक आता तिथंही बघतात. प्रतिभाने ते तंतोतंत पाळलं होतं. बाकीच्या मैत्रिणी एकमेकींच्या पानांवर गाण्याच्या ओळी लिहीत होत्या तेव्हा तिने तो बायोडेटा आणि स्वतःच्या नावाचा ई-मेल सोडून इंटरनेटवर काहीही ठेवलं नव्हतं.

शनिवारी सकाळी तिने ज्ञानेशला सगळं सांगितलं. त्याने गूगलवर तिचं, वडिलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव टाकलं. पहिलाच निकाल समाजाच्या वधू-वर सूचक मंडळाच्या साइटचा होता.

पान उघडलं. वर फोटो होता. मामेभावाच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तिला कापून घेतलं होतं. खाली शिक्षण: पदवीधर. नोकरी: नाही. त्याखाली सलग तीन वाक्यं होती. नोकरीची आवड नाही. स्वभाव मनमिळाऊ व गृहकृत्यदक्ष. याच लगीनसराईत कर्तव्य आहे. शेवटी फोन नंबर. तोच नंबर, जो तिच्या बायोडेटावर होता. घरात फोन एकच होता आणि तो वडिलांच्या खिशात असायचा.

"हे कोपर कोणाचं?" ज्ञानेशने फोटोवर बोट ठेवलं.

"मावशीचं."

"मावशीला तरी नोकरीची आवड आहे का?"

ती हसली नाही. तिने पान पुन्हा वरून खालपर्यंत वाचलं. "हे काढता येईल?"

"माझ्या हातात नाही. साइट ज्याची, पासवर्ड त्याचा. आणि त्याने काढलं तरी गूगल जुनं काही दिवस दाखवत राहतं." ज्ञानेश खुर्ची ओढून जवळ बसला. त्याला आता उत्साह आला होता. "दुसरं करू. तुझ्या नावाचा ब्लॉग काढू, चार-पाच साइटवर तुझा बायोडेटा टाकू. तुझं नाव शोधलं की ते सगळं आधी येईल आणि हे खाली ढकललं जाईल. दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत कोण जातंय?"

"किती दिवस लागतील?"

"दोन-तीन आठवडे धर."

"सोमवारी सकाळी मॅडम नाव देणार आहेत."

"मग अवघड आहे."

प्रतिभा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मॅडमनी हे पान एकदा पाहिलं होतं. ते नाहीसं झालं तर त्यांना एवढंच कळेल की मुलगी लपवते आहे. सोमवारी त्या पाहतील तेव्हा पान तिथेच हवं होतं आणि त्यावर जे असेल ते बरोबर हवं होतं.

"खाली ढकलायचं नाही," ती म्हणाली. "हेच पान बदलायचं. कोण बघतं ही साइट?"

ज्ञानेशने साइटचं शेवटचं पान उघडलं. चिटणीस म्हणून चिमाजी अण्णांचं नाव होतं. नोंदीत बदल करायचा असल्यास मंडळाच्या पंचवटीतल्या खोलीत फक्त रविवारी, आणि पालकाच्या सहीनेच, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

"पालकाच्या सहीने," ज्ञानेशने मोठ्याने वाचलं. "मुलीच्या सहीने नाही."

"वाचलं मी," प्रतिभा म्हणाली.

*

प्रतिभाचे वडील लहानू फडोळ दुपारी शेवंती तोडून झाल्यावर पत्र्याच्या शेडमध्ये फुलं निवडत बसायचे. मोठं फूल वेगळं, मध्यम वेगळं, दबलेलं वेगळं. पहाटे ती सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात जायची. प्रतिभाची आई गोजराबाई समोर बसून पाट्यांना ओलं फडकं गुंडाळत होती. प्रतिभाही बसली आणि फुलं निवडायला लागली.

"नाना, मंगळवार-बुधवारी विंचूरहून फोन आला होता का?"

"विंचूरहून? हां, आला होता एका बाईंचा." लहानूंचा चेहरा खुलला. "तुला सांगायचंच राहिलं. चांगलं स्थळ वाटतंय. बाई लय शांत बोलत होत्या."

"काय बोलणं झालं?"

"त्या म्हणल्या, प्रतिभाविषयी थोडी माहिती पाहिजे होती. म्हणलं, विचारा. तर म्हणल्या, तिचा नोकरीचा विचार कसा हे. आता मुलाकडच्यांनी असं विचारलं म्हणजे आपण काय समजायचं? म्हणलं, नोकरीचं काय नाय हो, तुम्ही म्हणाल तसं. सोडायला सांगाल त्या दिवशी सोडंल. हट्टी नाय आमची पोरगी."

गोजराबाईंनी मान वर केली. प्रतिभा फुलं निवडत राहिली.

"मग त्या म्हणल्या, लग्नाचं कधी धरलंय. म्हणलं, आमची तयारी हे, फेब्रुवारीतसुद्धा बार उडवू. तर गप्पच झाल्या. मला वाटलं, देण्याघेण्याचं मनात असंल. म्हणून मीच विषय बदलला. विचारलं, तुमच्याकडं माणसं किती? तर म्हणल्या, बत्तीस."

"बत्तीस?" गोजराबाई म्हणाल्या.

"एकत्र कुटुंब असंल म्हणलं. मी म्हणलो, एवढ्या माणसांत आमची पोरगी सहज मिसळंल, सैपाकपाण्याला वाघ हे. त्या म्हणल्या, स्वयंपाकाला आमच्याकडे बाई आहे. श्रीमंत लोक दिसतेत. बाग किती विचारलं तर म्हणल्या, आमची स्वतःची नाही, द्राक्षं आम्ही शेतकऱ्यांकडून घेतो. मग व्यापारी असतील."

"नाना, ती कंपनी आहे," प्रतिभा म्हणाली. "बत्तीस माणसं कामाला आहेत तिथे. मी तिथे मुलाखत देऊन आले. त्या प्रयोगशाळेच्या मॅडम होत्या."

लहानूंच्या हातातलं फूल हातातच राहिलं. मग गोजराबाई हसायला लागल्या. तोंडावर पदर धरला तरी त्यांचे खांदे हलत होते.

"सैपाकाला वाघ," त्या म्हणाल्या. "कारखान्याच्या साहेबीणबाईला सांगितलं, पोरगी सैपाकाला वाघ."

"तू हसू नको. या नंबरवर मुलाकडचे सोडून कोण फोन करतं? मला काय सपान पडलं?" लहानू चिडले होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. "नाव तरी सांगायचं ना बाईनी."

"सांगितलं असेल. तुम्ही ऐकलं नसेल."

"विंचूरहून म्हणल्या एवढं ऐकलं."

प्रतिभाने मग साइटवरचं पान सांगितलं. तीन वाक्यं तिला पाठ झाली होती. मंडळात नोंद लहानूंनीच केली होती, गेल्या मेळाव्यात. फोटो आणि नंबर दिला होता, पण वाक्यं आपण दिली नाहीत असं त्यांचं म्हणणं होतं.

"उद्या पंचवटीत यायचं माझ्याबरोबर," ती म्हणाली. "ते बदलायला तुमची सही लागते."

"बदलून काय लिहायचं?"

"वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी. लग्नानंतरही करणार. एप्रिलपर्यंत लग्न नाही."

लहानूंनी फुलं बाजूला सारली. "दारूच्या कारखान्यात काम करते असं जगाला सांगायचं? अगं, मुलाकडचे फोन करतील का? तुला नोकरी करायची तर कर एखादी. शाळेत कर, ब्यांकेत कर."

"शाळेत आणि बँकेत मला कोणी बोलवलं नाही. वर्ष झालं, नाना. इथे मला काम येतं आणि त्यांना काम येणारं माणूस पाहिजे आहे."

"पण दारू."

"तिला प्यायला ठेवत नायत," गोजराबाई फडकं पिळत म्हणाल्या. "तपासायला ठेवतेत. तुमचे मेव्हणे आयुष्यभर पीत आले, त्यांना बरी स्थळं आली."

"त्यांची गोष्ट येगळी."

"का येगळी?"

लहानूंनी फुलांची पाटी पुन्हा पुढे ओढली. ते म्हणाले, "रविवारी मला बाजाराचं काम हे."

"बाजार सकाळी नऊला उठतो," प्रतिभा म्हणाली. "खोली दहाला उघडते. मी तुम्हाला फुलबाजारातच घ्यायला येते."

*

मंडळाची खोली एका मंगल कार्यालयाच्या तळमजल्यावर होती. चिमाजी अण्णा पोस्टातून निवृत्त झाले होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी संगणकाचा कोर्स केला होता. साइट त्यांनी स्वतः बनवली होती. त्याबद्दल समाजात त्यांना मान होता आणि त्यांनाही तो मान्य होता.

"या लहानूभाऊ," ते म्हणाले. "जमलं का कुठे?"

"जमलेलं मोडलं," लहानू म्हणाले.

प्रतिभाने काय झालं ते थोडक्यात सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाळा, या साइटवर मुलाकडचे येतात. कंपनीवाले कशाला येतील?"

"मॅडम आल्या होत्या, अण्णा. नाव टाकलं की हेच पान पहिलं येतं."

"पहिलं येतं?" अण्णांना हे आवडलेलं दिसलं. "येणारच की. मी तशी व्यवस्थाच केली आहे. पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, सगळं ठळक."

"ते बरोबर केलं तुम्ही. फक्त लिहिलंय ते खरं नाही."

"लहानूभाऊ, तुम्ही सांगा. मुलीला नोकरीची आवड आहे असं लिहिलं तर किती फोन येतील? मी इतकी वर्षं हे काम करतोय. मुलाकडच्यांना आवड नको असते. ते म्हणतात, नंतर आम्ही ठरवू. म्हणून मी तसं लिहितो. त्यात मुलीचं वाईट काय?"

लहानूंनी मान हलवली. ती हो म्हणून होती की ऐकतोय म्हणून, ते कळलं नाही. प्रतिभाने वडिलांकडे पाहिलं नाही. ती संगणकाकडे वळली.

"नानांनी पान पाहिलेलं नाही, अण्णा. दाखवा त्यांना एकदा."

अण्णांनी यादी उघडली. मुलींचे फोटो एकाखाली एक येऊ लागले. लहानूंनी चष्मा लावला आणि पुढे वाकले. प्रतिभाचं पान आलं तेव्हा ते फोटोकडे बघत राहिले.

"शिक्षण पदवीधर," त्यांनी वाचलं. "बीएस्सी कुठंय? मी तर कागदावर बीएस्सी लिहून दिलं होतं. सूक्ष्म का काय ते पण लिहिलं होतं."

"पदवीधर म्हणजे त्यात सगळं आलं."

"सगळं कसं आलं?" लहानूंनी पडद्यावर बोट ठेवलं. "मागं घ्या जरा. ही कोण, गोटीरामची अंजली ना?"

"हो."

"नोकरीची आवड नाय," लहानूंनी सावकाश वाचलं. "अण्णा, ही नर्स हे. रात्रपाळ्या करून तिनं भावाला शिकवलं. आमच्या शेजारी राहतात."

अण्णांनी माउसवरचा हात काढून घेतला.

"आणखी खाली घ्या." लहानू वाचत गेले. दुसऱ्या मुलीच्या खाली तेच होतं. तिसरीच्या खाली तेच. मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष, याच लगीनसराईत कर्तव्य. "सगळ्यांना एकच?"

"तो नमुना आहे, लहानूभाऊ. एकदा तयार केला की सगळीकडे लावता येतो. प्रत्येकीचं वेगळं लिहीत बसलो तर साइट कधी व्हायची?"

लहानूंनी चष्मा काढला. "मी रोज दुपारी फुलं निवडतो. तीन ढीग करतो. एकाच पाटीत सगळं ओतलं तर बाजारात कोणी हुंगूनसुद्धा बघत नाय."

"मी पाटीतली नाही, नाना," प्रतिभा म्हणाली.

"नाय. बरोबर हे." ते जरा ओशाळले. मग अण्णांकडे वळून म्हणाले, "द्या कागद. सही करतो. काय लिहायचं ते ती सांगंल."

अण्णांनी सुस्कारा सोडला आणि टाइप करायला बसले. "बोल. वायनरीत नोकरी, असं लिहू?"

"नोकरी लागलेली नाही अजून. खोटं नको. नोकरीसाठी प्रयत्न चालू, असं लिहा. विंचूर, वायनरी, प्रयोगशाळा."

"वायनरी कशाला? खाजगी कंपनी म्हणू."

लहानूंनी मुलीकडे पाहिलं. शब्द त्यांनाही सोयीचा वाटला होता.

"वायनरीच लिहा," ती म्हणाली. "ज्याला चालत नाही त्याला आधीच कळू दे. घरी चहा पिऊन मग कळण्यापेक्षा बरं."

"पुढे?"

"नोकरी लग्नानंतरही करणार. एप्रिलअखेरपर्यंत विवाह कर्तव्य नाही."

अण्णांचे हात थांबले. "म्हणजे जी नोकरी अजून नाही, ती सोडणार नाही, असं जाहीर करायचं?"

"हो."

"आणि एप्रिलपर्यंत लग्न नाही, तर पान ठेवायचं कशाला?"

"मे महिना आहे की पुढे. तुमच्या साइटवरून एवढं झटपट जमतं का?"

लहानू खोकले. अण्णांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण टाइप केलं. बीएस्सी, मायक्रोबायोलॉजी हे प्रतिभाने एकेक अक्षर सांगून घालून घेतलं. फोटो बदलायला तिने कॉलेजच्या ओळखपत्राचा नेला होता. त्यात ती एकटीच होती. कोणाचं कोपर नव्हतं.

निघताना लहानू दारात थांबले. "गोटीरामला सांगतो मी," ते म्हणाले. "तो पण येईल पुढच्या रविवारी."

"सगळेच यायला लागले तर कसं व्हायचं?" अण्णा म्हणाले.

*

सोमवारी प्रतिभा येवल्याच्या पहिल्या एसटीने निघाली. निफाड सोडल्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागल्या. घड हिरवे आणि टणक होते. मनातल्या मनात तिने बोलायचं ठरवून ठेवलं होतं, पण वायनरीच्या फाटकापाशी आल्यावर तिने ते सोडून दिलं. सांगायचं ते मुलाखतीत सांगून झालं होतं.

मनीषा मॅडमनी तिला बसायला सांगितलं. त्यांच्यासमोर संगणक चालू होता.

"पान बदललंय, मॅडम. बघा."

मॅडमनी नाव टाकलं. गूगलच्या निकालात साइटच्या नावाखाली दोन ओळी दिसत होत्या आणि त्यात अजूनही तेच होतं. नोकरीची आवड नाही.

"हे तर तसंच आहे."

"गूगलला बदलायला वेळ लागतो. पान उघडा."

मॅडमनी उघडलं. जुना फोटो, जुनी वाक्यं, मावशीचं कोपर. अण्णांनी पान चढवलंच नाही, हा पहिला विचार. मग तिला ज्ञानेश आठवला.

"हे तुमच्या संगणकात साठलेलं जुनं असेल. एफ-पाच दाबा."

पडदा एकदा पांढरा झाला आणि नवं पान आलं. मॅडमनी चष्मा सावरून वाचलं. नोकरीसाठी प्रयत्न चालू, इथे त्या थांबल्या.

"नोकरी लागली असं लिहिलं नाहीस."

"लागली नाही अजून."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "हे कालचं. काल कोणीही काहीही लिहून घेईल."

"सही नानांची आहे, मॅडम. त्यांच्याशिवाय बदलता येत नाही."

"मग त्यांच्याशीच बोलते." मॅडमनी टेबलावरचा फोन ओढला आणि पानावरचा नंबर फिरवला.

प्रतिभाला हे अपेक्षित होतं, तरी तिने टेबलाची कड धरली. वडिलांना तिने काही पढवलं नव्हतं. शेतावर ओरडून बोलायची सवय असलेले लहानू फोनवरही तसंच बोलायचे. त्यांचा आवाज टेबलापलीकडे तिला स्पष्ट ऐकू आला.

"कोण बोलतंय?"

"मनीषा बोलतेय, विंचूरहून. वायनरीतून."

"हां, बत्तीस माणसं."

"काय?"

"काय नाय. बोला, बाई. परवा मी तुम्हाला मुलाची आई समजलो. माफ करा."

मॅडमनी रिसीव्हर कानापासून जरा दूर धरला. "मुलाची आई? माझं वय किती वाटलं तुम्हाला?"

"आवाजावरनं काय कळतंय."

मॅडम हसल्या, मग पुन्हा गंभीर झाल्या. "मी पुन्हा तेच विचारते. तिच्या नोकरीचं तुमचं काय म्हणणं आहे?"

पलीकडून पंपाचा आवाज येत होता.

"माझं म्हणणं विचारू नका आता," लहानू म्हणाले. "मला दारूचा धंदा आवडत नाय, ते मी तिला सांगितलंय. पण काम ती करणार. सोडायची वेळ आली तर ती सांगंल. मी नाय सांगणार."

"आणि फेब्रुवारीत लग्न ठरलं तर?"

"पानावर लिहिलंय ना, एप्रिलपर्यंत नाय. माझी सही हे त्याला. फेब्रुवारीत कोणी आला तर त्याला चहा पाजू आणि मे महिन्यात ये म्हणू."

मॅडमनी फोन ठेवला. प्रतिभाने टेबलाची कड सोडली.

"तुझ्या घरच्यांची परवानगी मला नको होती," मॅडम म्हणाल्या. "तू एक सांगणार आणि तुझ्यामागे दुसरंच चाललेलं असणार, ते नको होतं." त्यांनी पेन उचललं आणि समोरच्या कागदावरचं नाव खोडलं. "नाशिकरोडच्या मुलीला मला आज कळवावं लागेल. तेही सोपं नाही. पंधरा डिसेंबरला ये. पायात बंद बूट पाहिजेत."

*

गूगलने जुन्या दोन ओळी डिसेंबरच्या अखेरीला सोडल्या. ज्ञानेशने त्या दिवशी मुद्दाम निरोप पाठवला. घरच्या फोनवर येणारी स्थळं बरीच रोडावली. गोजराबाई मधूनमधून म्हणायच्या, अण्णा म्हणत होते तसंच झालं. लहानू म्हणायचे, जे येतेत ते वाचून तरी येतेत. अंजलीचं पान बदललं होतं. गोटीराम तेवढ्यासाठी पंचवटीत जाऊन आला होता. बाकी मुलींना अजून नोकरीची आवड नव्हती.

प्रतिभाने पहिल्या पगारात स्वतःचा फोन घेतला आणि त्याच रविवारी अण्णांकडे जाऊन पानावरचा नंबर बदलून घेतला. सही अर्थात लहानूंची होती.

फेब्रुवारीत प्रयोगशाळेत सकाळपासून नमुन्यांची रांग लागलेली असायची. अशाच एका दुपारी ती पांढऱ्या द्राक्षांच्या रसाची आम्लता काढत होती. डाव्या हातात ब्युरेट या मोजनळीची तोटी, उजव्या हातात फ्लास्क. एकेक थेंब पडत होता. एप्रनच्या खिशातला फोन वाजला. मनीषा मॅडमनी पलीकडच्या टेबलावरून मान वर केली.

तिने फोन वाजू दिला. एक थेंब पडला आणि फ्लास्कमध्ये गुलाबी छटा उमटून विरली. आणखी एक थेंब. या वेळी रंग टिकला. तिने तोटी बंद केली, आकडा पाहिला, लिहिला, आणि मग फोन काढला. नंबर ओळखीचा नव्हता.

पलीकडून एका वयस्क माणसाचा आवाज आला. मनमाडहून बोलत होते. मंडळाच्या साइटवर पान वाचलं, म्हणाले. फडोळांशी बोलायचं होतं, मुलीच्या नोकरीविषयी थोडं विचारायचं होतं.

"मी प्रतिभाच बोलतेय," ती म्हणाली. "आत्ता कामावर आहे. सहा वाजता सुटते, तेव्हा करा. काय विचारायचं ते मलाच विचारा."

ते गृहस्थ म्हणाले, "बरं. सहाला करतो."

तिने फोन खिशात टाकला आणि पुढचा नमुना ओढला.